चहात मीठ घालणारा हरिदास

चादरीच्या दुकानात रोज येऊन बसणारा आणि चादरीला बोटसुद्धा न लावणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी पाहतो, रोज. भवानी पेठेतल्या माझ्या दुकानात दारासमोरच्या स्टुलावर तो भिंतीला पाठ लावून बसतो. हरिदास त्याचं नाव. शाळेत आम्ही एका बाकावर होतो. तो विहारामागच्या गल्लीतला, मी चादरवाल्या लिंगायतांचा. दहावीनंतर मी बापाच्या गादीवर बसलो तो बसलोच. तो फौजेत गेला आणि सुभेदार होऊन, कानशिलं पांढरी करून परत आला.

चहा आला की तो शर्टाच्या खिशातून कागदाची पुडी काढतो आणि चिमूटभर मीठ चहात टाकतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी म्हणालो, "ह्या नंदीशच्या दुकानात साखर संपली म्हणून बोंब मारायची हाय का? चहा हाय का आमटी?" तो नुसता हसला. सवय आहे म्हणाला. कसली, कुठली, ते नाही सांगितलं. मीही सोडून दिलं. फौजेतली माणसं काय काय सवयी घेऊन येतात, एखादा पहाटे उठून बूट घासतो, हा चहात मीठ घालतो.

पण दुसरी एक गोष्ट सोडून देता येण्यासारखी नव्हती. हरिदास कोणाला काही विचारत नाही, आणि तरी त्याला सगळं कळतं. गिऱ्हाईक येतं, मी भाव सांगत असतो, तो स्टुलावर बसून रस्त्याकडे बघत असतो. मधेच "ऊन लई हाय" एवढं म्हणतो. आणि बघता बघता ती बाई त्याला सुनेपासून किडनी स्टोनपर्यंत सगळं सांगायला लागते. माझ्या सख्ख्या मेव्हण्याचं दुसरं लग्न ठरतंय हे मला हरिदासकडून कळलं. मी चिडून विचारलं, "तुला कुणी सांगितलं?" तर म्हणे, "त्यानंच. मी गप बसलो हुतो."

हेच त्याचं काम होतं. फौजेत तो शिकवायचा. बंदूक चालवायला नव्हे, माणसांकडून बातमी मिळवायला. कुठल्याशा छावणीत त्यांची शाळा होती. तिथं हा एक पालथं खोकं मांडायचा, त्यावर बिस्किटांच्या बरण्या ठेवायचा, अंगावर घोंगडं घ्यायचा आणि डोंगरातला दुकानदार होऊन बसायचा. शिकाऊ जवानांनी एकेक करून यायचं आणि या म्हाताऱ्याला बोलतं करायचं. जो आल्या आल्या विचारायचा, "इकडून कोणी गेलं का?" त्याला हरिदास हाताने दार लावल्यासारखं करून दाखवायचा. संपलं, तू नापास. पहिल्या दिवशी नुसता चहा प्यायचा, हे तो शिकवायचा. दुसऱ्या दिवशीही. गप्प बसता आलं पाहिजे, कारण गप्प माणूस दिसला की समोरच्याला राहवत नाही. आणि बातमी देणाऱ्याचं नाव कुठं घ्यायचं नाही. तो जिवंत असताना नाही, मेल्यावर नाही, बायकोजवळ नाही. त्याच्यामागे त्याची चौकशी करायची नाही. चौकशी केली की दहा लोकांना कळतं, हा त्यांचा होता.

अशी वर्षंच्या वर्षं त्याने दुकानदाराचं सोंग काढलं. साहेब लोक खूश असायचे. म्हणायचे, हरिदास, तू अगदी खरा वाटतोस.

आता चादरीचं सांगतो. त्याच्या धाकट्या लेकीचं, धम्मप्रियाचं लग्न होतं. मित्राच्या घरचं कार्य, मी काय रिकाम्या हाताने जाणार? पाहुण्यांच्या सत्काराला म्हणून चांगल्या जाड, लाल, पांढऱ्या फुलांच्या चादरींचा गठ्ठा टेम्पोत टाकून मंडपात नेला. सोलापूरचं लग्न आणि सत्काराला चादर नाही, असं कधी झालंय? हरिदासने गठ्ठा पाहिला आणि त्याचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, नवरदेव पळून गेला. त्याने दोन माणसं लावून गठ्ठा मंडपाबाहेर काढला. पाहुण्यांना टॉवेल दिले. माझ्या चादरी भर उन्हात टेम्पोत पडून राहिल्या, आणि मी सगळ्या पेठेसमोर येडा ठरलो.

महिनाभर मी त्याच्याशी बोललो नाही. शेवटी मीनाबाई, त्याची बायको, दुकानात आली. म्हणाली, "भावजी, राग धरू नका. आमच्या घरात एक बी चादर न्हाय. मी माज्या भनीकडं दिऊन टाकल्या सगळ्या. गच्चीवर शेजारची लाल चादर वाळत आसली तर हे जेवत न्हाईत. मला बी कारण सांगत न्हाईत. तुमी इचारा की."

मी विचारलं. उन्हाळ्यातली दुपार होती, लाईट गेली होती. लाईट गेली की पेठेतले यंत्रमाग बंद पडतात, आणि ज्या खडखडाटात आम्ही जन्मलो तो थांबला की माणसाला स्वतःचा श्वास ऐकू येतो. त्या शांततेत त्याने सांगितलं. माझ्याकडे न बघता, रस्त्याकडे बघत.

तो तरुण होता तेव्हाची गोष्ट. ईशान्येकडच्या डोंगरात त्यांची तुकडी होती. खालच्या गावात एक म्हातारा मीठ, चहापत्ती, काड्यापेट्या विकायचा. हरिदास तिथे जाऊन बसायचा. वरून हुकूम होता म्हणून आधी, आणि नंतर बरं वाटायचं म्हणून. म्हातारी आतून काळा चहा आणायची, त्यात मीठ घातलेलं असायचं. हरिदासचे वडील तो लहान असतानाच गेलेले. म्हाताऱ्याला मूलबाळ नव्हतं. भाषा अर्धीमुर्धी कळायची, तेवढी पुरायची. एके दिवशी म्हातारा म्हणाला, उद्या खालच्या वाटेने जाऊ नका. एवढंच. त्या वाटेवर पुरलेला स्फोटकांचा डबा दुसऱ्या दिवशी सापडला. ज्या गाडीखाली तो फुटायचा त्या गाडीत हरिदास बसणार होता.

त्यानंतर तो सुट्टीवर घरी आला. आणि सोलापूरचा माणूस सुट्टीवरून परत जाताना काय घेऊन जातो? त्याने सगळ्या तुकडीला चादरी नेल्या. माझ्या बापाच्याच दुकानातून, लाल, पांढऱ्या फुलांच्या. आणि एक म्हाताऱ्याला. जीव वाचवणाऱ्या माणसाला द्यायची म्हणून सगळ्यांत जाड. आपण शहाणपणा केला असं त्याला वाटलं, कारण द्यायच्या आधी त्याने कोपऱ्यावरचं सोलापूरचं लेबल ब्लेडने उसवून काढलं होतं.

"लेबल काढलं रे," तो म्हणाला. "विणकराच्या गावात जन्मलो आन् लेबल काढलं. तितल्या बाया घरोघरी मागावर बसत्यात. कापड बघून मानूस कुटल्या गावचा ते सांगत्यात. आन् आमच्या छावणीच्या तारेवर तसल्याच चादरी वाळत हुत्या, रांगंनं. आक्या डोंगराला दिसायच्या."

म्हातारीने चादर धुऊन कुंपणावर वाळत घातली. पुढच्या वेळी हरिदास खाली गेला तेव्हा दुकान बंद होतं. मग त्याची बदली झाली. म्हाताऱ्याचं काय झालं, मेला की पळाला, कोणी सांगितलं नाही. आणि त्याला विचारता येईना. विचारायचं नाही, हा पहिला नियम, आणि पुढे तोच नियम त्याने पोरांना शिकवला. सोर्सला, म्हणजे बातमी देणाऱ्याला, आपल्या गावची वस्तू कधी द्यायची नाही, हेही शिकवलं. एखादा पोरगा विचारायचा, का सर? तर म्हणायचा, एकाने दिली होती.

"आन् ते सोंग काडायचास, खोकं मांडून," मी म्हणालो, "त्यो दुकानदार..."

"त्योच की."

लाईट आली. माग परत सुरू झाले. माझा राग कुठल्या कुठे गेला होता, आणि खरं सांगायचं तर मला माझ्याच दुकानातल्या लाल चादरींची जरा भीती वाटली.

यानंतर वर्षभराने समोरच्या माडीवरच्या पार्लरमध्ये एक मुलगी कामाला आली. डोंगराकडची. पार्लरमध्ये तिला लिली म्हणत. खरं नाव लांबलचक होतं. आम्हा कोणाच्या जिभेवर ते बसेना, हरिदास मात्र ते बरोब्बर म्हणायचा. तिला कोणी भाड्याने खोली देईना, हा जामीन राहिला. गॅस सिलिंडरसाठी याने हेलपाटे घातले. मीनाबाई सुकट करायची तेव्हा डबा जायचा, आणि ती पोर माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून भाकरीबरोबर चाटून पुसून खायची. आमच्या पार्वतम्माला, म्हणजे माझ्या आईला, आत माडीवर तो वास जायचा आणि ती कानडीत शंख करायची. पण तीही त्या पोरीला हुग्गी, गव्हाची गोड खीर, द्यायला विसरायची नाही. लिली हरिदासच्या शेजारी बसून चहा प्यायची. त्याला अंकल म्हणायची.

मला फार बरं वाटत होतं. मग एक दिवस ती सहज म्हणाली की तिचं गाव अमुक बाजाराच्या वरच्या अंगाला आहे. त्या बाजाराचं नाव मी त्या दुपारी हरिदासच्या तोंडून ऐकलं होतं, म्हाताऱ्याच्या गावाजवळचा बाजार म्हणून. मी त्याच्याकडे पाहिलं. तो रस्त्याकडे बघत होता. "ऊन लई हाय," म्हणाला.

ती गेल्यावर मी भडकलो. "ती पोर तुला बाप समजतीया. आन् तू हितं गळ टाकून बसलायस व्हय रे? खोली, सिलिंडर, सुकट! हेच शिकवायचास न्हवं पोरांना?"

"मी तिला एक प्रश्न इचारलेला न्हाय."

"तेच म्हनतोय मी!"

त्याने चहाचा रिकामा ग्लास पायरीवर ठेवला. मग म्हणाला, "मला बी कळंना झालंय नंदीश. सुकट माया म्हनून देतो का बातमीसाटी, ते माजं मलाच कळंना. म्हाताऱ्याच्या येळंला बी कळत न्हवतं." त्याचे डोळे भरले होते.

डिसेंबरात लिली नाताळला गावी निघाली. निरोप घ्यायला पायरीवर आली. मी उठलो, मांडणीवरून एक लाल चादर ओढली आणि तिच्या हातात ठेवली. हरिदासची गोष्ट मला ठाऊक होती, तरी त्या क्षणी ती आठवली नाही. खरंच नाही. घरातलं पोर गावाला निघालं की सोलापुरातल्या माणसाचा हात असाच जातो, त्याला कोणी सांगावं लागत नाही. हरिदास स्टुलावरून अर्धा उठला होता. तेव्हा मला कळलं, मी काय केलं ते.

लिलीचं हसू मावळलं. तिने चादर हळूच काउंटरवर ठेवली. "ही नको. टॉवेल द्या."

हरिदास परत खाली बसला. काही बोलला नाही. मीही नाही. बाहेर माग चालू होते. आणि गप्प माणसं पाहून समोरच्याला राहवत नाही, तसं तिला राहवलं नाही.

ती हिंदीत बोलली, मी माझ्या मराठीत सांगतो. तेव्हा ती फार लहान होती. खालच्या गावात मीठ विकणारा एक म्हातारा होता. त्याच्या कुंपणावर एक दिवस अशीच चादर दिसली. फौजेच्या तारेवर असायच्या तशी. जंगलातली बंदूकवाली माणसं आली आणि त्याला घेऊन गेली. तो परत आला नाही. चादर कुंपणावरच राहिली. उतरवायला कोणी धजेना, पावसात, उन्हात तिच्या चिंध्या झाल्या. पोरांना त्या वाटेने जाऊ देत नसत. म्हातारी अजून आहे. अजून प्रत्येकाला सांगते, माझ्या नवऱ्याने कोणाला काही सांगितलं नाही, ती चादर त्याने बाजारातून विकत आणली होती. कोणी मानत नाही, कारण तसली चादर त्या बाजारात कधी कोणी पाहिलेली नाही. चर्चमध्ये तिच्या बाकावर कोणी बसत नाही.

एवढं बोलून लिली थांबली. मग हरिदासकडे वळली.

"अंकल, एक विचारू? माझं नाव तुम्ही आमच्या माणसांसारखं म्हणता. तुम्ही तिकडेच होता ना फौजेत?"

इतकी वर्षं हा माणूस या एका क्षणासाठी जगत होता. कोणाजवळ तरी बोलायचं, कोणाच्या तरी हाती त्या म्हातारीला माफी पाठवायची. त्याचे ओठ हलले. मला वाटलं, आता सांगतो.

"न्हाय बाळ," तो हिंदीत म्हणाला. आवाज अगदी साधा होता. "मी राजस्थानात. वाळूत. आमच्यात तुमच्याकडचा एक पोरगा होता, त्याने शिकवलं बोलायला." आणि मग माझ्याकडे बघून, "पण नंदीश, तुझ्या वडलांच्या टायमाला आपला माल तिकडं जायचा की न्हाय?"

माझ्या बापाने हुबळीच्या पलीकडे एक रुमाल पाठवला नव्हता. पण मी व्यापारी माणूस. "जायचा की!" मी म्हणालो. "गुवाहाटीला गठ्ठ्यांवर गठ्ठे. तिथून फेरीवाले डोंगरात न्यायचे, बाजाराच्या दिवशी विकायचे, लाल रंगाला तर अशी मागणी..." हरिदासने स्टुलावरूनच पाय लांबवून काउंटरखाली माझ्या पायावर दिला. खोटं थोडं बोलायचं असतं, तेही तो शिकवायचा.

लिली चादरीकडे बघत राहिली. "म्हणजे ती म्हातारी आजी खरं बोलत होती?"

"आसंल," हरिदास म्हणाला.

"मग ही मी तिलाच नेते."

हरिदास उठला. चादर त्याने स्वतः घेतली, काउंटरवर पसरली, कडा जुळवून घडी घातली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. लेबल कोपऱ्यात वर दिसेल असं ठेवलं, माझ्या बापाच्या नावाचं, सोलापूर लिहिलेलं. सुतळीची गाठ त्याला तीनदा सोडून पुन्हा बांधावी लागली. ते मुलीने पाहिलं की नाही, मला सांगता येणार नाही.

ती गेल्यावर मी म्हणालो, "सांगायचं हुतंस. देवानं दारात आनून हुबी केली हुती."

"सांगितलं आस्तं तर त्यो खरंच खबऱ्या ठरला आस्ता की," तो म्हणाला. "म्हातारीजवळ तेवडं येकच हाय, त्यो निर्दोष हुता म्हनायचं. ते बी मीच काडून घेऊ?" मग थोड्या वेळाने, "तिला समदं म्हाईत हाय. तीच चहा करायची. चादर बगून तिला कळंल, कुनीतरी तिच्या बाजूनं खोटं बोललंय. कोन ते बी कळंल."

जानेवारी सरता सरता लिली परत आली. आली ती तडक दुकानात, खांद्यावर पिशवी तशीच. म्हणाली, आजीने चादर चर्चमध्ये नेली. बाकावर अंथरली आणि हा व्यापाऱ्याचा माल, फौजेचा नव्हे, म्हणून लेबल सगळ्यांना दाखवलं. तिच्या शेजारी लिलीची आई जाऊन बसली. मग आणखी दोघी बसल्या. मी टाळी वाजवली. मला खरंच रडू आलं.

हरिदास ऐकत होता. नुकताच आलेला चहाचा ग्लास त्याच्या हातात होता, पुडी उघडून त्याने मीठ टाकलं होतं. लिली त्या ग्लासाकडे बघत होती.

"आजीने एक विचारलं," ती हळू आवाजात म्हणाली. "ज्या माणसाने चादर बांधून दिली तो चहात मीठ घालतो का?"

हरिदासने पुडी मुठीत मिटली.

"मी म्हणाले, नाही घालत."

तिला सगळं कळलं होतं. कधी कळलं, त्या गाठीवरून, नावावरून, की तिथे आजीच्या हातचा चहा पिताना, ते तिने सांगितलं नाही. म्हातारीचं सांगणं गावात खरं ठरलं होतं, ते तिला मोडायचं नव्हतं. जे हरिदासने केलं तेच तिने केलं होतं.

हरिदासने ग्लास खाली ठेवला. आणि आयुष्यभर कोणाला सरळ प्रश्न न विचारलेला तो माणूस पुढे वाकला. "मग? काय म्हनली ती?"

"म्हणाली, मग राहू दे. घालत असता तर त्याला एक सांगायचं होतं."

"काय?"

"ते तिने नाही सांगितलं, अंकल. आणि मी विचारलं नाही."

लिली माडीवर कामाला गेली. हरिदास अजून रोज येतो. आता चादरींच्या घड्या घालून देतो, मीनाबाईने घरात एक चादर परत आणली आहे. मधेच कधी घडी अर्धी टाकून माझ्याकडे बघतो. "शिवी आसंल का रे?" म्हणतो. आणि मी काही बोलायच्या आत, "का माफी?" मी चहा मागवतो. म्हातारी आता फार थकली आहे, असं लिली म्हणते.